तेलातली लाल रेघ

रविवारी सकाळी साडेआठलाच त्या हॉलबाहेर तीनशे माणूस जमलं होतं. पूर्वी तिथं फर्निचरचं दुकान होतं. दाराच्या काचेवरची 'सोफासेट' ही अक्षरं खरवडून काढली होती, तरी तिरक्या उन्हात ती वाचता येत होती. वर नवी पाटी लागली होती : 'किरणोपचार केंद्र. सुई नाही, सुरी नाही, गोळी नाही.'

रांगेत गुडघेवाले होते, दमेवाले होते, कडेवर पोर घेतलेल्या आया होत्या. एकजण चाकाच्या खुर्चीत बसून आला होता आणि त्याला ढकलत आणणारी बायकोच जास्त धापा टाकत होती.

"माझ्या साडूची मूत्रपिंडं गेली होती," पुढचा गृहस्थ मागच्याला सांगत होता. "सहा वेळा किरण घेतला. आता गडी जिने चढतो."

"किती जिने?"

"ते विचारलं नाही हो. चढतो म्हणाला."

या रांगेत दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरली सत्तरीची. जन्मभर तिनं शाळेचे गणवेश शिवले होते. धाकटी साठीला टेकली होती, पण घरात ती अजून धाकटीच. बाहेर तिला संशोधन संस्थेत लोक 'बाई' म्हणत, आणि पाटीवर तिच्या नावापुढे भौतिकशास्त्रज्ञ असं लिहिलेलं होतं. ती पाटी चार महिन्यांनी उतरणार होती. निवृत्ती.

ताईच्या डाव्या छातीत गाठ होती. चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सुईनं तुकडा काढून तपासला, आणि स्पष्ट सांगितलं : "कर्करोग आहे. दोन सेंटिमीटर आहे. लवकर सापडलाय, काढून टाकू." ताईनं दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. तिसरी तारीख या गुरुवारची होती. सकाळी दाखल व्हायचं, शुक्रवारी ऑपरेशन. आणि ताई म्हणत होती, "महाराजांना विचारल्याशिवाय मी काही सांगत नाही."

म्हणून धाकटी आली होती. काय चाललंय ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. खरं तर तिला यायचंच नव्हतं. तरुणपणी तिनं असल्या लोकांमागे खूप चपला झिजवल्या होत्या. हातातून राख काढणारा, दगड पाण्यावर तरंगवणारा, लिंबातून रक्त काढणारा. एकाला उघडं पाडावं तर पुढच्या पावसाळ्यात दुसरा उगवलेलाच. तण काढून काढून कंबर मोडते, तणाची नाही मोडत.

दार उघडलं. महाराज आले. भगवं नाही, दाढी नाही. पांढराशुभ्र डॉक्टरी कोट, खिशाला तीन पेनं, पायात चकचकीत बूट.

"मी डॉक्टर नाही," त्यांनी सुरुवात केली. "मी साधूही नाही. मी नळ आहे, नळ! पाणी वरून येतं, मी फक्त तोटी फिरवतो. तुमच्या प्रत्येक पेशीला एक फ्रिक्वेन्सी असते. राग आला की ती बिघडते. सुनेशी भांडलात की यकृताची बिघडते. शेजाऱ्याचं चांगलं बघवलं नाही की पित्ताशयाची!"

लोक हसले. प्रत्येकाला दुसऱ्याचं पित्ताशय आठवलं असावं.

"आणि हा," महाराजांनी खिशातून पेनाएवढी नळी काढली, "हा क्वांटम किरण. माणूस खोटं बोलतो, रिपोर्ट खोटं बोलतात. किरण खोटं बोलत नाही."

धाकटीनं डोळे मिटले. या माणसाच्या सगळ्या बोलण्यात हे एकच वाक्य खरं होतं, आणि नेमकं तेच तो चोरून वापरत होता.

मग एक बाई ट्रे घेऊन फिरली. ट्रेमध्ये करंगळीएवढ्या काचेच्या कुप्या, आत फिकट तेल. नव्या रुग्णाला काळ्या बुचाची कुपी, जुन्याला पांढऱ्या बुचाची. ती मुठीत घट्ट धरायची आणि दुखऱ्या जागेवर वीस मिनिटं टेकवायची. तेल रोग ओढून घेतं, असं सांगण्यात आलं. वीस मिनिटं बासरी वाजली. मग पडदे ओढले, दिवे मालवले, आणि महाराज एकेकाच्या कुपीला हिरवा किरण लावत निघाले.

हिरवा किरण नव्या माणसाच्या कुपीत शिरला आणि आत त्याची लालभडक रेघ झाली.

"आला! बाहेर आला बघा!"

अंधारातून तीनशे माणसांचा 'अरे बापरे' एकदम निघाला. एक बाई रडायला लागली. रेघ खरोखरच सुंदर दिसत होती, निखाऱ्याची तार ओढावी तशी.

ज्यांच्या पाच-सहा बैठका झाल्या होत्या त्यांच्या कुपीत लाल फिकट पडलेलं होतं. ज्यांच्या आठ-नऊ झाल्या होत्या त्यांच्या कुपीत हिरवा किरण हिरवाच राहत होता. त्यांना टाळ्या मिळत. ताईच्या कुपीत जेमतेम गुलाबी झाक उरली होती.

ताईनं ऑपरेशनची तारीख सांगितली. "अजून दोन-तीन बैठका," महाराज म्हणाले. "पण शुक्रवारी सुरीखाली गेलात ना आजी, तर मी इतके दिवस घातलेली शिवण सगळी उसवेल."

हा शब्द बरोबर जागी लागला. शिवणाऱ्या बाईला उसवण्याची भीती घालायला अक्कल लागते, आणि ती त्या माणसाकडे भरपूर होती.

धाकटीला लाल रेघेचं गुपित कळायला एक सेकंदही लागला नाही. चौतीस वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. कशावर तरी प्रकाश टाकायचा आणि तो पदार्थ उलट कोणता रंग फेकतो ते वाचायचं. ती उठली.

"महाराज, मुठीत धरायच्या आधी कुपीला एकदा किरण लावून दाखवाल का?"

"मावशी, अंगाला लागण्याआधी किरण लागला तर तेल उष्टं होतं. उष्ट्या ताटात जेवता का तुम्ही?"

हशा.

"शिकलेल्या दिसता."

"थोडीफार."

"शिकलेल्यांचं हेच असतं. पोटात दुखलं तर आधी पोटाची व्याख्या विचारतात!"

हशाचा दुसरा लोट आला. कुप्या परत गोळा झाल्या. 'आत रोग आहे, घरी न्यायच्या नाहीत.' ताईनं बहिणीच्या दंडाला असा चिमटा काढला की तो संध्याकाळपर्यंत काळानिळा दिसत होता.

"चारचौघांत माझी अब्रू काढलीस," बसमध्ये ताई म्हणाली.

"गुरुवारी जायचंय, ताई."

"दोन-तीन बैठका थांबू म्हणते मी."

"चार महिने थांबलीस."

"तुला सगळ्यातलं सगळं कळतं ना? मग सांग, दर खेपेला लाल कमी का होतंय?"

"तो कमी करतो म्हणून."

"तो का करेल? त्याला काय वैर आहे माझ्याशी?"

 फसवणाऱ्याला वैर लागत नाही, हे सांगूनही पटत नाही. धाकटी खिडकीबाहेर बघत राहिली.

सोमवारी ती प्रयोगशाळेत गेली तेव्हा तिथं आवराआवर चालली होती. हवेच्या गादीवर तरंगणारं ते लोखंडी टेबल, त्याच्यावरचे चाळीस-पन्नास आरसे, मधोमध धातूची वाफ कोंडलेली काचेची नळी. या टेबलाभोवती तिचं आयुष्य गेलं होतं. पहिली दहा वर्षं तर आरसे जुळवण्यातच गेली. बाहेरून ट्रक गेला की किरण हलायचा आणि सकाळपासूनचं सगळं पाण्यात. घरी कुणी विचारलं, काय करतेस गं दिवसभर, तर ती म्हणायची, "वाफेला प्रश्न विचारते." "मग वाफ काय म्हणते?" "म्हणते, उद्या ये."

सगळ्या नोकरीत मिळून एक आकडा तिनं दशांशाच्या नवव्या घरापर्यंत बरोबर मोजला होता. जगात त्या आकड्याची गरज असलेली माणसं पंचवीस असतील. त्यातली सहा वारली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक करडा ठिपका कायमचा बसला होता. एकदा आरसा सरकून किरण डोळ्यात गेला, त्याची ती खूण. लग्न राहून गेलं. त्याचं तिला दुःख नव्हतं, पण ताईनं केलेल्या डब्याशिवाय ती टिकली नसती हे तिला माहीत होतं. चौतीस वर्षं डबा ताईनं दिला. आणि तीच ताई आज दुकानात विकत मिळणाऱ्या हिरव्या टॉर्चवर विश्वास ठेवत होती, बहिणीवर नाही.

तिच्या विद्येतली पहिली सवय अगदी साधी होती. नमुना बघण्याआधी रिकामी नळी बघायची. रिकाम्या नळीत काय दिसतं ते टिपून ठेवायचं, मग नमुना भरायचा. पोरांना ती पहिल्याच दिवशी सांगायची, "रिकामं न बघता भरलेलं बघणारा माणूस भोंदू तरी असतो, नाहीतर उतावळा." तीनशे माणसांपैकी एकानंही रिकामं मागितलं नव्हतं. जिनं मागितलं तिला उष्ट्या ताटाची उपमा मिळाली.

तिनं खणातली हिरव्या किरणाची जुनी नळी पर्समध्ये टाकली.

बुधवारी दुपारी पुन्हा बैठक होती. ताईला तिनं सांगितलं, मी गप्प बसेन. हे खोटं होतं, आणि आयुष्यात ताईशी ती फारसं खोटं बोललेली नव्हती.

ट्रे फिरत फिरत त्यांच्या रांगेशी आला. दिवे चालूच होते. धाकटीनं पर्समधून नळी काढली आणि ट्रेमधल्याच एका काळ्या बुचाच्या कुपीला लावली. कुणाचाही हात न लागलेली कुपी. आत लाल रेघ. दुसरं काळं बूच, लाल. तिसरं, लाल. मग पांढरं बूच. हिरवं. आणखी एक पांढरं. हिरवं.

"अहो, काय करताय!" ट्रेवाली किंचाळली.

शेजारी एक सुतार बसला होता. पाठदुखीसाठी आला होता, कानामागे अजून पेन्सिल होती. त्याचे डोळे बारीक झाले. "परत करा बरं," तो म्हणाला. तिनं परत केलं. "माझ्याकडे द्या." त्यानं स्वतः केलं. फळीचं माप घ्यावं तसं, सावकाश, एकेक.

"हे तर अजून कुणी मुठीत धरलंच नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "मग रोग कुणाचा? ट्रेचा?"

दहा-बारा माणसं उठून जवळ आली. महाराज लगबगीनं आले. "उष्टं केलंत! सगळं तेल उष्टं केलंत! म्हणून लाल झालं!"

"असं होय," सुतार म्हणाला. "मग पांढऱ्या बुचाला पण हीच टॉर्च लावली की. ते का नाही उष्टं झालं? ते काय आधीच जेवून बसलंय?"

आता हशा दुसऱ्या बाजूनं आला.

"ते सिद्ध तेल आहे, जुन्या रुग्णांसाठी—"

"बरं. मग कुप्याच बदलून बघू. दूध का दूध, पानी का पानी." आणि त्याच उत्साहात सुतारानं ट्रेमधली काळ्या बुचाची कुपी उचलून शेजारी बसलेल्या ताईच्या मुठीत दिली, आणि एका नव्या बाईला पांढऱ्या बुचाची. "धरा आजी घट्ट. वीस मिनिटं. बासरी लावा हो!"

बासरी कुणी लावली नाही. लोकांनीच घड्याळं धरली. कुणीतरी पडदे ओढले. महाराज कोपऱ्यात ट्रेवालीशी कुजबुजत राहिले. वीस मिनिटांनी सुतारानं किरण लावला. नव्या बाईची कुपी हिरवीगार. ती बाई तर तेवीस वर्षांच्या दम्याची होती आणि तिथं बसल्याबसल्याही खोकत होती.

"बरी झाली बघा एका झटक्यात!" मागून कुणीतरी ओरडलं.

मग ताईची कुपी. हिरवा किरण आत शिरला, आणि रेघ लालभडक झाली. पहिल्या दिवशीपेक्षाही लाल.

हॉलमध्ये गलका उठला. कुणी ट्रे उलथा केला, कुणी भरलेले पैसे परत मागू लागला, कुणी 'मला आधीच संशय होता' म्हणू लागला. तो प्रत्येक गर्दीत असतोच. महाराज 'ध्यानाची वेळ झाली' म्हणत मागच्या दारानं गेले ते गेलेच. चार-पाच माणसं मात्र धाकटीवर धावून आली. "आमचा आधार काढून घेतलात तुम्ही, आता आम्ही कुठं जायचं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती ताईकडे बघत होती. ताई मुठीतल्या कुपीकडे बघत होती. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"परत आलं गं," ताई म्हणाली. "सगळं परत आलं."

सगळ्या हॉलला जे कळलं होतं ते एकट्या ताईला कळलं नव्हतं. तिला फक्त लाल दिसत होतं. सुतारानं चांगल्या हेतूनं आणि धाकटीनं आपल्या विद्येच्या जोरावर एका आजारी बाईच्या हातात तिचं मरण दिलं होतं.

घरी आल्यावर ताई चहाला नको म्हणाली. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिली, पर्स मांडीवर, जणू घर दुसऱ्याचं आहे.

धाकटीनं गॅलरीतल्या कुंडीतली मूठभर पानं तोडली, ठेचली, वाटीभर कोमट तेलात कालवली. थोड्या वेळानं कापसातून गाळून ते पेल्यात घेतलं. दुसऱ्या पेल्यात नुसतं तेल. खिडकी लावली, आणि दोन्हींना किरण लावला. नुसत्या तेलात हिरवा. पानांच्या तेलात लाल.

"पानांमध्ये जो हिरवा रंग असतो ना," ती म्हणाली, "त्याला हिरवा किरण दिला की तो लाल उजेड परत देतो. त्याचा तो स्वभावच आहे. तेलात अगदी थोडा असला तरी पुरतो. काळ्या बुचाच्या कुपीत तो पाल्याचं तेल घालतो. पांढऱ्यात दर खेपेला कमी कमी करत नेतो, शेवटी नुसतं तेल. रोगाचा यात काही संबंध नाही. मुठीचाही नाही."

ताईनं दोन्ही पेल्यांकडे बघितलं. "म्हणजे कुंडीला गाठ नाही."

"नाही."

"आणि मला आहे."

धाकटीनं खिडकी उघडली. पेले धुवायला घेतले, कारण हातांना काहीतरी हवं होतं.

"मी मूर्ख नाहीये," ताई मागून म्हणाली. "तुला वाटतं मी मूर्ख आहे."

"नाही वाटत."

"वाटतं. बसमध्ये तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. तू कधी चुकलीच नाहीस ना."

धाकटीनं नळ बंद केला. जी गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती, ती सांगायला तिला पुसायचा रुमाल हातात घेऊन तिथंच उभं राहावं लागलं.

"मी तिशीत होते तेव्हा मला एक नवी रेघ सापडली होती. वाफेच्या उजेडात, हिरव्या रंगात. प्रत्येक पदार्थाच्या उजेडाला ठरलेल्या रेघा असतात, त्यांचे तक्ते असतात; ही कुठल्याच तक्त्यात नव्हती. रोज दिसायची. मी मासिकाला लिहून पाठवलं, छापून आलं. तुला आठवतं, मी पेढ्यांसारखी सगळ्यांना ते मासिक वाटत फिरत होते?"

"मला पण दिलं होतंस. मला काय कळणार त्यातलं. मी आमच्या कारखान्यात सगळ्यांना दाखवलं."

"ती रेघ माझ्या वाफेची नव्हतीच. बाहेर पॅसेजमध्ये ट्यूबलाइटचा दिवा होता, त्याची होती. भिंतीत तारांसाठी भोक होतं, त्यातून उजेड यायचा. त्या दिव्याची हिरवी रेघ आमच्या धंद्यातलं शेंबडं पोर ओळखतं. पण माझं यंत्र किंचित सरकलेलं होतं, म्हणून ती शेजारच्या जागी दिसली, आणि मला वाटलं नवी आहे."

"मग? चूक होते माणसाची."

"चूक ती नव्हे, ताई. आमच्याकडे काच फुंकून नळ्या बनवणारे एक काका होते. त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, 'बाई, बाहेरचा दिवा मालवून बघितलंत का?' बटण दाराबाहेरच होतं. चार पावलं. मी सात महिने ते दाबलं नाही. कधी मी म्हणायचे, आज वेळ नाही. कधी म्हणायचे, काकांना काय कळतं. रिकामी नळीसुद्धा बघायची सोडली होती मी. आत कुठंतरी मला ठाऊक होतं, मालवला की काय दिसणार ते."

"मग कधी मालवलास?"

"एका दुपारी काकांनीच मालवला. मला न विचारता. रेघ गेली. मी त्यांच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले की ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग मी पत्र लिहिलं, माझं चुकलं म्हणून, आणि तेही छापून आलं. ते मासिक मी वाटत फिरले होते. ते पत्र मी कुणाला दाखवलं नाही. तुलासुद्धा नाही."

 खालच्या मजल्यावर कुणीतरी खिळा ठोकत होतं.

"मला वाटायचं," ताई म्हणाली, "रविवारी लाल कमी झालं की हात लावून बघावं, गाठ कमी झालीय का. आणि मग वाटायचं, नको. चार महिन्यांत मी एकदासुद्धा हात लावला नाही तिथं. आंघोळीलाही नाही."

"भीती वाटते?"

"सुरीची नाही गं. मी जन्मभर कात्री चालवली. उघडून बघितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाली की उशीर झाला, तर? महाराज तसं कधी म्हणालेच नसते."

"मला माहीत नाही ती काय म्हणेल," धाकटी म्हणाली. हे सांगताना तिला जड गेलं, पण दुसरं काही सांगितलं असतं तर तिच्यात आणि पांढऱ्या कोटात फरक राहिला नसता. "वाढलीसुद्धा असेल. पण आज जेवढी आहे त्याहून ती पुढच्या महिन्यात मोठीच असेल. एवढं मला माहीत आहे."

"खोटं तरी बोलायचंस."

"दुपारी एकदा बोलले. बस झालं."

ताई उठली. कपाटावरची लहान बॅग तिनं काढली, आणि तिचा बंद उसवलेला आहे म्हणून सुईदोरा शोधायला लागली.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा माप घेतलं. साडेतीन सेंटिमीटर. काखेतली एक ग्रंथीही हाताला लागत होती. त्या रागावल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "चार महिन्यांपूर्वी हे ऑपरेशन लहान होतं. आता मोठं आहे. नंतर औषधाच्या बाटल्याही चढवाव्या लागतील. पण करण्यासारखं आहे." ताईनं ते 'पण' दोन्ही हातांनी धरलं.

ऑपरेशन झालं. मोठं झालं. दोन ग्रंथींमध्ये रोग निघाला. तो चार महिन्यांपूर्वीही असता का, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, आणि धाकटीनं ते विचारलंही नाही. तिनं आरोग्य खात्याला दोन पानी तक्रार लिहिली, सुतारानं साक्षीदार म्हणून सही केली. उत्तर आलं की सदर हॉलमध्ये आता टाइल्सचं दुकान आहे. महाराजांचा ठावठिकाणा लागत नाही. कुठंतरी दुसरी पाटी रंगत असेल.

औषधाच्या तिसऱ्या बाटलीच्या दिवशी ताई रुग्णालयातल्या आरामखुर्चीत बसली होती. डोक्याला रुमाल, हातात सुई खोचलेली, तोंडाला चव नाही. धाकटी शेजारी लोखंडी खुर्चीवर. निवृत्त होऊन तिला आठवडा झाला होता, आणि त्या आठवड्यात तिनं झोपेखेरीज काही केलं नव्हतं. पलीकडच्या खुर्चीतली बाई ताईहून तरुण होती. ती हळूच झुकून म्हणाली, "आजी, हे सगळं सोडून द्या. माझ्या नणंदेनं चुंबकाचं पाणी सांगितलंय. एका बाईची गाठ तीन आठवड्यांत विरघळली. मी पण पुढच्या वेळेपासून इथं येणार नाही."

 इतकी वर्षं बोलून बोलून धाकटीच्या आत काही उरलंच नव्हतं जणू.

"कोणती बाई?" ताईनं विचारलं.

"नणंदेच्या ओळखीतली."

"तू भेटलीस तिला?"

"नाही."

"गाठ आधी कुणी मोजली होती?"

"ते... मला नाही माहीत."

"नंतर कुणी मोजली?"

ती बाई आपल्या हातातल्या सुईकडे बघू लागली.

"मग विरघळली कशावरून म्हणतेस, बाळ?" ताई म्हणाली. आवाज चढवला नाही, चेष्टा केली नाही. "मी पण असंच चार महिने ऐकलं. माझी दोन सेंटिमीटरची साडेतीन झाली. हे बघ." आणि तिनं पदराआडून ती लांबलचक शिवण दाखवली. "टाके बघ किती सरळ घातलेत. मला असे जमले नसते. तू पाणी पी हवं तर, पाण्यानं काही होत नाही. पण इथली तारीख मोडू नकोस. आणि नणंदेला सांग, त्या बाईला घेऊन ये. आपण तिघी मिळून तिला विचारू."

त्या बाईनं काही कबूल केलं नाही. पण जाताना तिनं खिडकीवर पुढची तारीख लिहून घेतली, हे धाकटीनं बघितलं.

वाचणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. चमत्कार दाखवणारा तुम्हाला नेहमी भरलेली कुपी दाखवील. तुम्ही रिकामी मागा. आधी कुणी मोजलं, नंतर कुणी मोजलं, मोजणारा कोण, हे विचारा. विचारल्यानं खरं औषध नासत नाही. डॉक्टरांनाही विचारा, शास्त्रज्ञांनाही विचारा, तेही चुकतात. फरक एवढाच, की तिथं चूक कबूल करून छापायची चाल आहे. आणि घरातलं माणूस कुणाच्या नादी लागलं असेल तर त्याला मूर्ख म्हणू नका. ते घाबरलेलं असतं. त्याच्याजवळ बसा, त्याची भीती ऐका, आणि मग त्याचा हात धरून त्याला मापाच्या जागी घेऊन जा. उशीर झाला असला तरी आज न्या. उद्या आणखी उशीर होईल.